तीन पिढ्यांनी घरी एकत्र बसून काय पाहावे?

आपल्या प्रश्नाचा गोषवारा असा आहे: घरात 70 ओलांडलेले आई-वडील, आपण दोघे नोकरदार आणि 13 वर्षांची, इंग्रजी माध्यमात शिकणारी मुलगी. आई-वडिलांचे आयुष्य नाशिकला गेले आणि अलीकडेच ते पुण्यात आपल्याकडे राहायला आले. तीन ओटीटींची वर्गणी चालू आहे, तरी शनिवारी रात्री जेवणे उरकल्यावर अर्धा तास नुसता शोधण्यात जातो. काहीतरी लावले की थोड्याच वेळात वडील ‘झोप आली’ म्हणून उठतात आणि मुलगी मोबाईलवर तिची कोरियन मालिका उघडते. सर्वांना मिळून पाहता येतील असे चित्रपट आणि मालिका, शक्यतो मराठी, आपल्याला हव्या आहेत आणि निदान येत्या रविवारसाठी एक नाव तरी हवे आहे.

मी बरीच वर्षे एका फिल्म सोसायटीसाठी चित्रपट निवडतो, आणि त्याच कामाचा भाग म्हणून ज्येष्ठ नागरिक संघांत व शाळांत चित्रपट दाखवतो. त्या अनुभवावरून सांगतो की आपली अडचण चांगल्या नावांच्या तुटवड्याची नाही. नावे कोणीही देईल. अडचण अशी आहे की निवड रिमोट हातात घेतल्यावर, दिवसभराच्या थकव्यानंतर आणि पाच जणांच्या समोर होते, आणि त्या क्षणी कोणाचेही मन कोणत्याच गोष्टीवर ठरत नाही. निवड आदल्या दिवशी, एकाच माणसाने करावी, इतरांना नाव आणि लांबी सांगून ठेवावी, आणि पुढच्या वेळी निवडीचा मान दुसऱ्याला द्यावा. आमच्या सोसायटीत महिन्याचा कार्यक्रम आधी छापून देण्याचे कारणही हेच आहे: काय पाहायचे आहे हे ठाऊक असलेला प्रेक्षक मनाने तयार होऊन येतो आणि पहिली 20 मिनिटे चित्रपटाला उदारपणे देतो.

नावांकडे जाण्यापूर्वी वडिलांच्या झोपेविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते आपल्या प्रश्नाची अर्धी उकल तिथे आहे. ज्येष्ठांसमोर चित्रपट दाखवताना माझ्या वारंवार लक्षात आले आहे की संवाद नीट ऐकू येत नसतील तर माणसे तसे सांगत नाहीत. ती आधी शेजाऱ्याला ‘काय म्हणाला?’ असे विचारतात, मग विचारणे संकोचाचे वाटू लागते आणि शेवटी पाठ दुखते किंवा झोप आली असे म्हणून उठतात. घरच्या टीव्हीवर ही अडचण अधिक तीव्र होते, कारण अनेक चित्रपटांचा ध्वनी 5.1 पद्धतीचा असतो, त्यात संवाद मधल्या वेगळ्या स्पीकरसाठी ठेवलेले असतात, आणि टीव्हीच्या दोन बारीक स्पीकरांतून तो ध्वनी बाहेर पडताना पार्श्वसंगीत मोठे व बोलणे पुसट होते. ध्वनीच्या पर्यायांत ‘स्टिरिओ’ मिळत असेल तर तो निवडावा, टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज स्पष्ट करणारा पर्याय असेल तर तो चालू करावा, आणि वडिलांची खुर्ची टीव्हीच्या जवळ, समोर घ्यावी. उपशीर्षके चालू ठेवावीत. मात्र मराठी चित्रपटांनाही ती बहुधा इंग्रजीत असतात, त्यामुळे त्यांचा उपयोग मुलीला अधिक होईल. हे करूनही वडील उठून जात असतील, तर त्यांच्या कानांची तपासणी करून घेणे हा चित्रपटापलीकडचा पण आवश्यक सल्ला मी देईन.

दुसरी गोष्ट वेळेची. रात्री साडेनऊला सुरू झालेला अडीच तासांचा चित्रपट 70 वर्षांच्या माणसाला झेपत नाही, मग तो कितीही चांगला असो. रविवारी संध्याकाळी पाचला सुरू करावा, मध्ये चहासाठी थांबावे आणि पहिल्या काही आठवड्यांत पावणेदोन तासांहून लांब काही लावू नये. ‘सैराट’ जवळपास तीन तासांचा आहे, तो या क्रमात नंतर कधीतरी येईल.

तिसरी गोष्ट म्हणजे संकोच. मुलीसमोर किंवा आई-वडिलांसमोर अचानक शिव्या किंवा प्रणयदृश्य आले की सगळे एकमेकांची नजर चुकवतात आणि ती संध्याकाळ तिथेच संपते. 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार ओटीटीवरील प्रत्येक कलाकृतीला ‘यू’, ‘यू/ए 7+’, ‘यू/ए 13+’, ‘यू/ए 16+’ किंवा ‘ए’ असे वर्गीकरण द्यावे लागते, आणि त्यासोबत हिंसा, भाषा, नग्नता यांपैकी काय आहे याचा उल्लेखही करावा लागतो. आपण बहुधा फक्त आकडा पाहतो. त्यापुढील शब्द वाचणे अधिक उपयोगाचे, कारण एकाच आकड्याखाली युद्धपटातील रक्त आणि शिवराळ बोलणे दोन्ही येते, आणि आपल्या घराला त्यांपैकी एक चालते, दुसरे चालत नाही. तरीही शंका राहिली तर मालिकेचा पहिला भाग आपण दोघांनी आधी पाहून घ्यावा. मी कोणत्याही शाळेत न पाहिलेला चित्रपट लावत नाही, आणि घरीही हाच नियम पाळावा असे मला मनापासून वाटते.

आता नावे. कोणता चित्रपट कोणत्या ओटीटीवर आहे हे हक्कांच्या करारांनुसार बदलत राहते, म्हणून मी दिग्दर्शक आणि वर्ष देतो. त्यावरून शोधणे सोपे जाईल.

येत्या रविवारसाठी परेश मोकाशी यांचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (2009) लावावा. दादासाहेब फाळके यांनी 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’ कसा तयार केला याची ही हकिकत आहे: तंबूतला सिनेमा पाहून झपाटलेला गृहस्थ घरातले सामान विकतो, लंडनला जाऊन तंत्र शिकतो, परत येऊन वाटाण्याचे रोप उगवतानाचे चित्रीकरण करून पाहतो आणि तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना म्हणून उपाहारगृहात काम करणाऱ्या पुरुषाला उभा करतो. मी हा चित्रपट पहिला ठेवण्याची कारणे अगदी व्यवहारी आहेत. तो सुमारे दीड तासाचा आहे. त्याचा सूर आनंदी आहे. पैशाची चणचण, आजारपण, लोकांची टवाळी हे सगळे त्यात असूनही फाळके दांपत्य कुठेही रडगाणे गात नाही. मुलीला त्यात कॅमेरा, फिल्म आणि युक्त्या यांचे कुतूहल वाटेल, आणि आपल्या आई-वडिलांसाठी तर त्यात घरचाच धागा आहे. फाळके यांचा जन्म त्र्यंबकेश्वरचा, पुढे त्यांनी आपला चित्रपट-व्यवसाय नाशिकला नेला आणि 1944 साली त्यांचे निधनही नाशिकलाच झाले. पांडवलेण्यांजवळच्या फाळके स्मारकाविषयी आजोबांना बरेच काही सांगता येईल, आणि ज्या चित्रपटाबद्दल आजोबांना नातीला काही सांगता येते तो चित्रपट सोडून ते झोपायला जाणार नाहीत.

त्यानंतरच्या आठवड्यात त्याच दिग्दर्शकाचा ‘एलिझाबेथ एकादशी’ (2014) पाहावा. पंढरपुरातला ज्ञानेश आणि त्याची लहान बहीण झेंडू यांच्या दिवंगत वडिलांनी बनवलेली ‘एलिझाबेथ’ नावाची सायकल कर्ज फेडण्यासाठी विकायची वेळ येते, आणि ती वाचवण्यासाठी ही मुले एकादशीच्या यात्रेत बांगड्यांचे दुकान मांडतात. वारी आणि पंढरपूर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर भक्तीचे चित्र येते. इथे त्याच गावातल्या पोटापाण्याचा, यात्रेवर वर्षाचे गणित मांडणाऱ्या घरांचा हिशोब दिसतो. आपल्या मुलीचे मराठी कच्चे असेल तरी या मुलांचे बोलणे तिला कळेल. शाळांत मी हा चित्रपट दाखवतो तेव्हा मुले सर्वांत जास्त बोलतात ती झेंडूबद्दल.

हे दोन चित्रपट सर्वांनी शेवटपर्यंत पाहिले, तर मग थोडा धीर धरायला लावणारे चित्रपट निवडता येतील. अविनाश अरुण यांचा ‘किल्ला’ (2014) त्यांत पहिला. वडील गेल्यानंतर आईच्या बदलीमुळे पुण्यातून कोकणातल्या लहान गावी आलेला 11 वर्षांचा चिन्मय, नवी शाळा, नवे मित्र, अखंड पाऊस आणि आईचे एकटेपण एवढेच त्यात आहे. घटना कमी आहेत, म्हणून तो पहिल्या आठवड्यात लावू नये असे मी म्हणतो. बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात लहान मुलांच्या परीक्षक मंडळाने त्याला क्रिस्टल बेअर हा पुरस्कार दिला होता. मुलांना संथ चित्रपट कळत नाहीत असे मानणाऱ्या पालकांना मी हे नेहमी सांगतो. आपले आई-वडील नुकतेच गाव सोडून आपल्याकडे आले आहेत, त्यामुळे बदलीची ही गोष्ट त्यांना वेगळ्या अंगाने भिडण्याची शक्यता आहे. पाहून झाल्यावर लगेच प्रश्न विचारू नयेत. चहा होऊ द्यावा.

आशिष बेंडे यांचा ‘आत्मपॅम्फ्लेट’ (2023) मला आपल्या घरासाठी विशेष योग्य वाटतो. एका मुलाचे शाळेतले प्रेम आणि त्याच काळात देशात चाललेल्या मोठ्या राजकीय घडामोडी असे दोन धागे त्यात हसत-खेळत गुंफले आहेत. मुलगी त्यातल्या मुलाच्या बाजूने पाहील, आपण दोघे आपल्या शाळेच्या दिवसांच्या बाजूने, आणि आजी-आजोबा त्या घटनांच्या बाजूने, कारण त्या त्यांनी प्रौढपणी वर्तमानपत्रांतून वाचल्या आहेत. जात आणि धर्म हे विषयही त्यात येतात आणि मुलगी प्रश्न विचारेल. त्या प्रश्नांना उत्तरे देण्याची तयारी असावी. ती पचनी पडली, तर त्यापुढे कधीतरी नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ (2013) तिच्यासोबत जरूर पाहावा. 13 वर्षांच्या मुलीला तो ‘जड’ होईल अशी भीती काही पालक व्यक्त करतात. माझे मत उलट आहे: त्यातला नायक जब्या तिच्याच वयाचा आहे, शाळेत जातो, कोणीतरी आवडते म्हणून नवे कपडे घालू पाहतो, आणि जे त्याच्या वाट्याला येते ते समजण्यासाठी हेच वय योग्य आहे. त्याचा शेवट कोणीही आधी सांगू नये.

वयस्कर माणसांना संदीप सावंत यांचा ‘श्वास’ (2004) सुचवण्याची पद्धत आहे आणि तो उत्तम आहेच. राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ त्याला मिळाले होते. कोकणातला आजोबा नातवाला डोळ्यांच्या उपचारासाठी पुण्यात आणतो आणि जीव वाचवायचा तर मुलाची दृष्टी जाणार हे त्याला कळते. परंतु ज्या घरात अलीकडे रुग्णालयाच्या फेऱ्या झाल्या असतील तिथे मी तो लगेच लावत नाही. हीच सावधगिरी सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’बद्दल. स्मृतिभ्रंश झालेले संस्कृतचे विद्वान प्राध्यापक एका हत्तीच्या मागे चालत निघून जातात आणि माहुताच्या कुटुंबात पोहोचतात, डॉ. मोहन आगाशे यांची त्यातली भूमिका मी पाहिलेल्या सर्वोत्तम भूमिकांपैकी आहे. आपल्या आई-वडिलांपैकी कोणाला विस्मरणाची सुरुवात झाली असेल किंवा तशी भीती त्यांच्या मनात असेल, तर हा चित्रपट आधी आपण दोघांनी पाहावा आणि मगच ठरवावे. काही ज्येष्ठांना तो पाहून मोकळे वाटते, काहींना रात्रभर झोप येत नाही. हे घरच्यांनाच कळू शकते, बाहेरून मी सांगू शकत नाही.

मालिकांचे गणित वेगळे आहे. चित्रपट फसला तर एक संध्याकाळ जाते, मालिका फसली तर सगळ्यांचा पुढच्या निवडीवरचा विश्वास जातो; म्हणून आधी छोटे भाग असलेली मालिका घ्यावी. आपल्या घरासाठी मी ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ हीच सुरुवात सुचवेन. 2001 साली तेव्हाच्या अल्फा मराठीवर सुरू झालेली, केदार शिंदे यांनी दिग्दर्शित केलेली आणि दिलीप प्रभावळकरांच्या ‘अनुदिनी’ या पुस्तकावर आधारलेली ही मालिका तीन पिढ्यांच्या एका मध्यमवर्गीय घराचीच आहे. आबा, शेखर, श्यामला, शिऱ्या आणि शलाका यांच्या घरातला प्रत्येक प्रश्न एका भागात सुरू होऊन तिथेच मिटतो. त्यामुळे रोज पाहण्याची सक्ती राहत नाही, आणि रात्रीच्या जेवणानंतरच्या अर्ध्या तासात एक भाग सहज बसतो. चित्राची प्रत जुनी आहे, खोल्या अरुंद दिसतात. मुलगी पहिल्या भागात नाक मुरडेल. तीन भाग द्यावेत.

हिंदी चालत असेल तर सोनी लिव्हवरची ‘गुल्लक’ घ्यावी. उत्तर भारतातल्या लहान शहरातील मिश्रा कुटुंब, दोन मुलगे, विजेचे बिल, शेजारीण आणि वडिलांच्या नोकरीचा ताण, एवढ्यावर ती उभी आहे. प्रत्येक हंगामात पाचच भाग असल्यामुळे संपण्याची खात्री असते. प्राइम व्हिडिओवरची ‘पंचायत’ही कुटुंबात चालते, फक्त अधूनमधून शिवी येते आणि दुसऱ्या हंगामाचा शेवट मन जड करणारा आहे, हे आधी माहीत असावे. मुलीला विज्ञानाची आवड असेल तर होमी भाभा आणि विक्रम साराभाई यांच्यावरची ‘रॉकेट बॉईज’ चांगली आहे, मात्र त्यातल्या काही व्यक्तिरेखा आणि प्रसंग काल्पनिक आहेत हे तिला सांगावे, आणि मग खरे काय हे शोधण्याचे काम तिच्याकडेच सोपवावे.

आता तिच्या कोरियन मालिकांविषयी. आपण तक्रारीच्या सुरात लिहिले आहे, पण मला त्यात संधी दिसते. निवडीचा मान आळीपाळीने द्यायचा असेल तर तिची पाळी खरी असली पाहिजे. तिला ‘रिप्लाय 1988’ सुचवून पाहावे. ती नेटफ्लिक्सवर आली होती. सोल ऑलिंपिकच्या वर्षात शहरातल्या एका गल्लीत राहणारी पाच कुटुंबे आणि त्यांची मुले अशी ती गोष्ट आहे. पहिल्याच भागात जेवणाच्या वेळी एका घरात शिजलेले दुसऱ्या घरात पोहोचवण्यासाठी मुले भांडी घेऊन गल्लीत इकडून तिकडे धावतात, आणि प्रत्येक ताटावर अखेरीस सगळ्या गल्लीचे पदार्थ येतात. जुन्या नाशिकच्या वाड्यात किंवा मुंबईच्या चाळीत राहिलेल्या माणसाला हे दृश्य समजावून सांगावे लागत नाही. अडचण दोन गोष्टींची आहे: भाग फार लांब आहेत, काही तर दीड तासाहून मोठे, आणि भाषा कोरियन असल्याने उपशीर्षके वाचावी लागतात. त्यामुळे आजी-आजोबांना एक भाग दोन बैठकींत दाखवावा आणि मुलीने शेजारी बसून मराठीत सांगत जावे. एका घरात हा प्रयोग यशस्वी झालेला मी पाहिला आहे; त्या मुलीचे मराठी बोलणे त्या काळात जेवढे सुधारले तेवढे शिकवणीने सुधारले नव्हते.

आपण दोघांनीच, बाकीचे झोपल्यावर पाहावे असेही काही आहे, आणि ते कुटुंबाच्या यादीत मिसळू नये. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (2014) त्यांत सर्वांत वर. एका लोकशाहिरावर त्याच्या गाण्यामुळे सफाई कामगाराने आत्महत्या केली असा आरोप ठेवला जातो, आणि खटला तारखांवर तारखा घेत सरकतो. कॅमेरा दूर, स्थिर उभा राहतो. वकील आणि न्यायाधीश घरी कसे वागतात ती दृश्ये मला खटल्याइतकीच महत्त्वाची वाटतात. परेश मोकाशी यांचा ‘वाळवी’ (2023) हा खुनाच्या बेताभोवती फिरणारा काळ्या विनोदाचा चित्रपट आहे, तो आई-वडिलांसोबत चालेल की नाही हे आपण पाहूनच ठरवावे. सोनी लिव्हवरची ‘मानवत मर्डर्स’ (2024) ही 1970 च्या दशकात परभणी जिल्ह्यातील मानवत येथे घडलेल्या खऱ्या हत्याकांडावर आधारित आहे; ती उत्तम बनवलेली असली तरी मुलीसोबत अजिबात पाहू नये.

वर्गणीविषयी एवढेच सांगतो की तीन ओटीटी एकाच वेळी चालू ठेवण्याची गरज आपल्याला नाही. पुढच्या दोन महिन्यांत पाहायचे चित्रपट आणि मालिका आधी कागदावर लिहा, त्यांपैकी बहुतेक कुठे आहेत ते शोधा, तेवढेच एक चालू ठेवा आणि ते संपले की दुसरे घ्या. जुन्या दूरदर्शन कार्यक्रमांसाठी प्रसार भारतीचे ‘वेव्हज’ हे ओटीटी पाहावे. नोव्हेंबर 2024 मध्ये ते सुरू झाले आहे आणि आई-वडिलांना त्यात ओळखीचे बरेच सापडेल. ‘अस्तु’ किंवा ‘श्वास’ यांच्याबाबत आपल्या घरची परिस्थिती कळवलीत, तर त्यांच्या जागी काय घ्यावे हे मी अधिक नेमकेपणाने सांगू शकेन.